नावापुढचा झेड

१

रोज सकाळी सव्वादहाला माझा फोन वाजायचा आणि पलीकडून कोणीतरी कळवळून म्हणायचं, "मॅडम, माझं फोल्डर गेलं हो."

गेलं म्हणे! जसं काही त्याला पाय फुटले होते. मी हातातला कप खाली ठेवायचे, जिना चढून हॉलमध्ये जायचे, त्या माणसाच्या खांद्यावरून वाकून सात वेळा क्लिक करायचे आणि फोल्डर समोर हजर करायचे. "अरेच्चा, इथेच होतं की!" असं म्हणून तो माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच ते लपवून ठेवलं होतं.

आमचं ऑफिस पाण्याच्या नळांचे नकाशे करतं आणि सांभाळतं. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप गेलाय, जोड कुठे, झडप कुठे, ते सगळं. वरच्या मजल्यावर हॉल, हॉलमध्ये चौदा टेबलं, आणि खाली जिन्याशेजारी सर्व्हरची खोली. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फायली जिथे एकत्र राहतात तो मोठा कॉम्प्युटर. तो सांभाळणारा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी. विभागप्रमुख मी, कारकून मी आणि फडकं मारणारीही मीच.

फायली सापडत नाहीत म्हणून लोक आपापल्या कॉम्प्युटरवर नकला ठेवायचे. एकाच झडपेचे तीन टेबलांवर तीन नकाशे, आणि तिन्ही वेगळे. त्यातल्या चुकीच्या नकाशावर भरवसा ठेवून एकदा रस्ता खणला आणि अख्ख्या चौकाचं तळं झालं. तेव्हा नव्या साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, माणसाला शोधावंच लागू नये. बसल्या जागी दिसलं पाहिजे. कराच काहीतरी."

मी आधी फोल्डरं वर्षांप्रमाणे लावून बघितली, मग भागांप्रमाणे. कुणाला काही सापडेना. शेवटी एक दिवस हॉलमध्ये नुसती बसून राहिले आणि कान देऊन ऐकलं. तेव्हा लक्षात आलं, की आमच्याकडे कुणी वर्ष विचारत नाही आणि भागही विचारत नाही. "ते भाऊंनी केलेलं ना?" "ताईंचा नकाशा बघ की." "पंपवाल्यांकडे असेल." सगळं काम माणसाच्या नावानं ओळखलं जातं. मग काय, मीही तसंच केलं. प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक निळं चित्र ठेवलं, नाव दिलं 'सगळं इथे'. ते उघडलं की आत माणसांची नावं, आणि तीही हाक मारतात तीच. ताई, भाऊ, पंपवाले, पत्रवाली, साहेब.

ऑफिस सोडून गेलेल्यांचं काम कधीमधी लागतंच, पण रोज लागत नाही. त्यांच्या नावापुढे मी झेड हे अक्षर लावत असे. नावं इंग्रजी अक्षरांत होती, त्यामुळे झेड लावला की फोल्डर आपसूक यादीच्या तळाशी जाऊन बसायचं. आठवड्याभरात ते हॉलमधलं बोलणंच झालं. कुणी निवृत्तीची भाषा केली, की शेजारचा म्हणायचा, "का हो, झेड लावून घ्यायची घाई झालीय वाटतं?"

फोन वाजायचा थांबला. कित्येक वर्षांनी मला ऑफिसात गरम चहा प्यायला मिळाला.

२

एका सोमवारी सकाळी मी यादीवरून नजर फिरवली, तर पंपवाले तळाशी. नावापुढे झेड.

पंपवाले तर वर टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते. मला वाटलं, शुक्रवारी निघताना माझाच हात कुठेतरी चुकला असेल. झेड काढला आणि विसरून गेले. गुरुवारी पंपवाल्यांची बदली झाल्याचं पत्र आलं. लांबच्या ऑफिसात, पण बढतीवर. ते एवढे खूश, की जाताना सगळ्यांशी दोन-दोनदा हात मिळवून गेले.

मी स्वतःशीच म्हटलं, वरच्या ऑफिसात कुणाला तरी आधी कळलं असेल आणि त्यानं आगाऊपणा केला असेल. सरळ साधी गोष्ट आहे. मला एकूणच सरळ साध्या गोष्टी आवडतात.

पंधरा दिवसांनी भाऊ तळाशी गेले. भाऊ म्हणजे आमचे मोजणीवाले. फीत घेऊन गावभर हिंडायचे आणि प्रत्येक खड्ड्याशी ओळख असल्यासारखे बोलायचे. त्यांच्या नावापुढे झेड बघून मला हसूच आलं. म्हटलं, चला, भाऊंचीही बढती आली वाटतं! सगळे चहाला चालले होते. झेड आल्यावर काढू म्हणून मीही गेले. भाऊ माझ्या शेजारीच उभे होते, साखर ढवळत.

दुपारी तीन वाजता जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसले, कठड्याला डोकं टेकवलं आणि पुन्हा उठले नाहीत.

त्यांच्या फोल्डरचा झेड तसाच राहिला होता. आता तो काढायचा तरी कशाला? मी स्क्रीनसमोर बसले होते आणि मला माझीच किळस येत होती. एका अक्षरानं माणूस मरत नाही, हे मला कळतं हो. पण चहाआधी काढायला काय जात होतं माझं?

३

सर्व्हर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो. कुणी, कधी, कुठल्या मशीनवरून काय केलं. मी भाऊंची नोंद काढली.

फोल्डरचं नाव बदललं होतं सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. कुणी? माझ्या नावानं. कुठून? माझ्याच खोलीतल्या माझ्याच मशीनवरून. दहा चाळीसला मी लांब बस स्टॉपवर बस का येत नाही म्हणून शिव्याशाप देत उभी होते. त्या दिवशी मला उशीर झाला होता, तशी सहीसुद्धा हजेरीच्या वहीत आहे. मग पंपवाल्यांची नोंद काढली. तिथेही मीच.

ठीक आहे, म्हटलं, माझा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय. पासवर्ड बदलला. खोलीला नवं कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली.

ती खोली म्हणजे पूर्वीचं अडगळीचं कोठार. खिडकी नाही. एक टेबल, एक खुर्ची आणि काळ्या काचेच्या दाराचं उंच कपाट, त्यात सर्व्हर. यंत्र तापू नये म्हणून आत इतकी थंडी ठेवावी लागते, की मी बारा महिने करडा स्वेटर घालून बसते. आवाज एकच, पंख्यांची घरघर. इतकी वर्षं ती घरघर मला कधी ऐकू आली नव्हती. आता मात्र मी दाराशी थांबून आधी कान द्यायला लागले, आत माउसची टिकटिक तर होत नाहीये ना म्हणून. दोनदा झाल्यासारखी वाटली. दार उघडलं तर खुर्ची रिकामी. यंत्राचं काही वाजत असेल, असं म्हणून मी आत गेले खरी, पण खुर्चीत बसण्याआधी तिच्यावरून हात फिरवून बघितला. असं का केलं ते मला विचारू नका. खुर्ची थोडी कोमट होती.

हे कुणाला सांगणार? साहेबांना? "मॅडम, चार दिवस रजा घ्या" एवढंच म्हणाले असते. मी रोज सकाळी सगळ्यात आधी यादीच्या तळाशी बघायचे आणि मग श्वास घ्यायचे.

४

आता ताईंबद्दल सांगते. हॉलला त्या ताई, पण माझ्या त्या वन्सं, आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या नकाशाकार. मला या नोकरीला त्यांनीच लावलं, आणि त्याची आठवण महिन्यातून एकदा तरी करून दिली. बावीस वर्षांत माझा एक चहा त्यांना पसंत पडलेला नाही. मी आणलेला पडदा त्यांनी बदलला, मी लावलेली कुंडी हलवली, आणि मी काही सांगितलं तर त्याच्या बरोबर उलटं केलं. घरात आमची खडाजंगी आणि ऑफिसात अबोला, असं आमचं मस्त चाललेलं असतं.

पण माझं पहिलं बाळ जन्मून दोन दिवसांत गेलं, तेव्हा सगळे येऊन काहीबाही समजावून गेले, आणि वन्सं तेवढ्या चाळीस दिवस माझ्या उशाशी बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मी रात्री दचकले की नुसता हात धरायच्या. हे आम्ही दोघींनी नंतर कधी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

त्या वन्संच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या झडपा काढल्या," त्या हॉलमध्ये हसत म्हणाल्या, "एक माझीच गळकी निघाली बघा." ऑपरेशन बुधवारी सकाळी साडेदहाला ठरलं. दवाखान्यात एकाच माणसाला थांबता येत होतं, म्हणून हे थांबले. मी घरी थांबते म्हटलं, तर वन्संनी झापलं, "घरी बसून काय करशील? रडशील. कामावर जा."

बुधवारी पावणेदहाला मी खोलीचं कुलूप काढलं, स्वेटर घातला, यादी उघडली.

तळाशी ताई.

५

मी झेड काढला. घाईत दोन चुकीची अक्षरं पडली, ती खोडून पुन्हा नीट लिहिलं. ताई वर गेल्या. मी डोळे मिटले, उघडले. ताई पुन्हा तळाशी.

पुन्हा काढला. या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे टक लावून बसले. माझ्या डोळ्यांदेखत माउसचा बाण हलला. सावकाश, अजिबात घाई नाही. ताईंच्या नावावर आला, थांबला, आणि नावापुढे झेड उमटला. अगदी माझ्या पद्धतीनं. मी आधी नावावर एकदा टिचकी मारते, थोडी थांबते, मग लिहिते. जी कोण होती, तीही तेवढीच थांबली.

म्हटलं, बाहेरून कुणी मशीन चालवत असेल. इंटरनेटची वायर उपटली. झेड आला. नाव बदलायची परवानगीच माझ्या खात्याकडून काढून घेतली. झेड आला. परवानगी परत घेतली, कारण झेड काढायला ती मलाच लागत होती. सर्व्हर बंदच करून टाकावा असं मनात आलं, पण त्या घटकेला यादीत झेड होता, आणि तो तसाच ठेवून बंद करायची माझी छाती होईना. भाऊंचा तसाच राहिला होता.

घड्याळात साडेदहा झाले. म्हणजे वन्संना आत नेलं असणार. मी काढतेय, ती लावतेय. मी काढतेय, ती लावतेय. मी रडत होते आणि तिला वाटेल ते बोलत होते. "अगं बाई, जिवंत आहे ती! तुला दिसत नाही का? आज आत्ता जिवंत आहे!" स्क्रीनला त्याचं काय?

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वरून पत्रवाली. ऑफिसची सगळी पत्रं टाइप करते, आणि आता फक्त तिचाच फोन येतो, कारण तिच्या अडचणी कधी संपतच नाहीत.

"मॅडम, वेळ आहे का? मी एका फोल्डरचं नाव बदलतेय, तर ते बदलूच देत नाहीये. म्हणतंय, आतली फाईल कुणीतरी उघडून ठेवलीय. आधी बंद करा म्हणतंय. हा काय ताप आहे?"

तिला किती वेळा समजावलं होतं मी! आतली एक जरी फाईल कुणाच्या मशीनवर उघडी असली, तरी बाहेरच्या फोल्डरचं नाव बदलता येत नाही. सर्व्हर त्याला हात लावू देत नाही. वापरात असलेल्या गोष्टीला झेड लागत नाही.

"मॅडम? ऐकताय ना?"

"तुझं कल्याण होवो गं बाई," मी म्हटलं. ताईंच्या नावाचा झेड पुन्हा एकदा काढला आणि जिन्याकडे पळत सुटले.

६

"ताईंचं फोल्डर उघडा!" हॉलच्या दारातून मी ओरडले. "सगळ्यांनी! त्यातला एकेक नकाशा उघडा आणि मी सांगेपर्यंत बंद करू नका!"

पूर्वी असं म्हटलं असतं, तर कुठे आहे, कसं जायचं, सात वेळा क्लिक, आणि अर्धा तास माझ्या नावानं हाका. त्या दिवशी दहा-अकरा माना वर झाल्या, खाली झाल्या, आणि मी दहा आकडे मोजायच्या आत पहिला नकाशा उघडलासुद्धा. मग दुसरा, मग चौथा. एकेका स्क्रीनवर वन्संच्या त्या बारीक, नीटस निळ्या रेषा.

"कशासाठी ते तरी सांगा," कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला.

जे तोंडात आलं ते बोलले, "त्यांना धरून ठेवायचंय."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ऑपरेशनची वेळ ठाऊक होती. पत्रवालीनं डोळे पुसले आणि दोन नकाशे उघडले. साहेब केबिनमधून बाहेर आले, "काय गडबड आहे?" म्हणाले, हॉलभर नजर फिरवली. मग आत गेले, आणि काचेतून मला दिसलं, त्यांच्याही स्क्रीनवर निळ्या रेषा आल्या.

"चहाला जायचं तर?" कुणीतरी विचारलं.

"आळीपाळीनं जा. मशीनला झोपू देऊ नका. माउस हलवत राहा."

"जायचंच कशाला मग," तो म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला. मला त्या सगळ्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. इतकी वर्षं मी या माणसांना वेंधळे, धांदरट, काय काय म्हणत आले होते.

७

खाली आले तर झेड नव्हता. ताई वर होत्या, आपल्या जागी.

मी बसले नाही. खुर्चीत बसायची इच्छाच होईना. उभ्यानंच वाकून स्क्रीनच्या उजव्या बाजूला मी दुसरी यादी उघडली, कुठली फाईल कुणी उघडलीय त्याची. तेरा ओळी. मग भिंतीला पाठ लावून उभी राहिले. डाव्या बाजूला बाण हलला. ताईंच्या नावावर आला, टिचकी, थोडी थांबली, आणि झेड लिहिला गेला.

चौकट उगवली. 'हे फोल्डर वापरात आहे.' खाली दोन बटणं, 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'रद्द'.

बाण पहिल्या बटणावर गेला. टिक. तीच चौकट. टिक. तीच चौकट. चिडल्याची काही खूण नाही, थकल्याची नाही. एखादी नेमून दिलेलं काम मन लावून करते तसं. टिक. टिक. मी मोजत होते, एकशे चाळीसनंतर सोडून दिलं. माझी नजर कपाटाच्या काळ्या काचेकडे गेली. काचेत खोली दिसत होती, टेबल दिसत होतं, खुर्ची दिसत होती. मी भिंतीशी उभी होते. आणि काचेत करडा स्वेटर खुर्चीत बसलेला होता, पाठमोरा, उजवा हात माउसवर.

मी पुन्हा तिकडे बघितलं नाही. आजही त्या काचेवर मी कागद चिकटवून ठेवलाय.

बारा वाजायला थोडा अवकाश असताना वीज गेली.

दिवा गेला, गारवा सोडणारं यंत्र गप्प झालं. वरून सगळ्या हॉलचा एकदम "अरे! अरे!" असा आवाज आला. सर्व्हरला आणि माझ्या मशीनला बॅटरी आहे, ती दोन्ही चालू राहिली. वरच्या मशीनना बॅटरी नाही. तीन वर्षं मी मागतेय, तीन वर्षं बघू-बघू चाललंय.

उजव्या यादीतल्या ओळी गळायला लागल्या. तेरा. नऊ. चार. साहेबांची गेली. पत्रवालीच्या दोन्ही एकामागोमाग गेल्या. यादी कोरी.

एखादी फाईल मीच उघडली असती, पण माउस तिच्या हातात होता. बाण 'पुन्हा प्रयत्न करा'वर उभा होता. या खेपेला लगेच टिचकी मारली नाही. थोडी थांबली, अगदी मी थांबते तशी.

"नको गं," मी म्हटलं. एवढंच जमलं मला. "नको. मला हव्यात त्या."

कोऱ्या यादीत एक ओळ उमटली.

वापरणारी: ताई. मशीन: ताईंचं, वरच्या हॉलमधलं, जे सोमवारपासून बंद होतं आणि ज्याला त्या क्षणी वीजही नव्हती. फाईल: अर्धा राहिलेला नवा नकाशा. बाकी सगळ्यांच्या ओळींपुढे 'वाचण्यासाठी' असं होतं. हिच्यापुढे होतं, 'लिहिण्यासाठी'.

टिक. हे फोल्डर वापरात आहे.

टिक. हे फोल्डर वापरात आहे.

किती वेळ असं चाललं मला सांगता येणार नाही. मी त्या एका ओळीवरून डोळे हलवले नाहीत. ती एकदा पुसट झाल्यासारखी वाटली, पण गेली नाही. मग बाण सरकला. उजवीकडे, सावकाश. 'रद्द'वर गेला. टिक. चौकट मिटली, आणि बाण जागच्या जागी उभा राहिला. मी पुढे होऊन माउसला हात लावला तेव्हा तो माझ्या हातानं हलला. माउस कोमट होता.

८

वीज आली. वरून पावलं धावली, खुर्च्या सरकल्या. मी काही सांगायच्या आत एकेक ओळ परत यायला लागली. पत्रवाली पहिली. मग सगळे. तेराच्या तेरा, आणि त्यांच्या वर ताई.

संध्याकाळी पाच वाजता फोन आला. आमच्या ह्यांचा. ते नुसते रडत होते.

"अहो, बोला ना!"

"झालं," ते म्हणाले. "नीट झालं. शुद्धीवर आलीय. डॉक्टर म्हणाले, मध्ये एकदा फार कठीण गेलं. बाराच्या आसपास. म्हणाले, आम्ही जवळजवळ आशा सोडली होती, पण या बाईंनी काही सोडलं नाही."

मी भिंतीवरून घसरत खाली बसले. तोंडावर स्वेटरची बाही दाबून धरली, तरी हुंदका बाहेर आलाच.

"ऐक ना," हे म्हणाले, "ती काहीतरी बडबडतेय. औषधाचा अंमल असणार. सारखं एकच विचारतेय, 'आता बंद करू का? बंद करू का आता?' काय बंद करायचंय विचारलं, तर म्हणते, हात भरून आलाय. मी आपलं हो म्हणून टाकतो. म्हणजे शांत झोपेल तरी."

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले, की वर हॉलमध्ये सगळे गप्प झाले. "हो म्हणू नका! खबरदार! फोन त्यांच्या कानाला लावा. लावा म्हणते ना!"

पलीकडे काही सरकल्याचा आवाज झाला. मग श्वास ऐकू आला, बारीक आणि थकलेला.

"वन्सं, मी बोलतेय. ऐकताय ना? हात सैल सोडा. आम्ही धरलंय आता, सगळ्यांनी. पण तुम्ही बंद करू नका. उघडीच राहू द्या. मी सांगतेय म्हणून तरी राहू द्या."

मी समोरच्या यादीतली सगळ्यात वरची ओळ बघत होते. माझ्या मनात आलं, आता या नेहमीसारखं बरोबर उलटं करणार.

"बरं," वन्सं म्हणाल्या.

बावीस वर्षांत त्यांनी माझं ऐकलं, असं ते पहिल्यांदाच झालं.